दार उघडा, पण आधी डिझाइनच्या काकांशी बोला

पत्र: आमचा कुपवाड एमआयडीसीत ट्रॅक्टरवरच्या फवारणी ब्लोअरचा कारखाना आहे. बाबांनी एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली, आज शंभरावर माणसं कामाला आहेत. मी चार वर्षांपासून कारखान्यात लक्ष घालते. ब्लोअरचं आमचं मूळ मॉडेल अजून तेच आहे. रंग आणि टाकीचा आकार तेवढा बदलला. एका परिषदेत 'ओपन इनोव्हेशन'बद्दल ऐकलं आणि गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी 'स्मार्ट शेती' या विषयावर हॅकेथॉन घेतली. कल्पना पुष्कळ आल्या, बक्षिसं दिली, फोटो छापून आले. उत्पादनात एकही गोष्ट उतरली नाही. आमचे डिझाइनचे काका पंचवीस वर्षं बाबांबरोबर आहेत, ते तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात. बाबा म्हणतात, "घरचं ड्रॉइंग बाहेर गेलं की धंदा गेला." पूर्वी एका कास्टिंगवाल्याने आमच्या फॅनचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, दुसऱ्याला दिला होता, ते त्यांच्या मनातून जात नाही. आता एक सल्लागार वार्षिक फी घेऊन कल्पना गोळा करणारं पोर्टल करून द्यायला तयार आहेत. बाहेरच्यांना आत घेतल्याने कंपनी खरंच जास्त चांगली नवी उत्पादनं काढते का? की ही मोठ्या कंपन्यांची फॅशन आहे?
— एक वाचक, सांगली

ताई,

उत्तर आधी देते. होय, काढते. पण बाहेरून आलेलं ज्ञान ओळखून, ते उचलून, त्याचं यंत्र करणारा माणूस आत असेल तरच. तुमच्याकडे तो माणूस आहे आणि सध्या तोच तुमच्याशी तुटक बोलतो आहे. म्हणून पोर्टलचा करार एवढ्यात करू नका, आणि पुढचं सगळं काकांना डोळ्यासमोर ठेवून वाचा.

ही फॅशन आहे का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. 'ओपन इनोव्हेशन' ही कल्पना २००३ मध्ये अमेरिकन अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी मांडली. चांगलं डोकं फक्त आपल्याच कारखान्यात आहे असं धरून चालू नये, बाहेरचं ज्ञान आत घ्यावं आणि आपल्याकडे पडून असलेलं बाहेर द्यावं, इतका तिचा सरळ अर्थ. तुम्ही परिषदेत प्रॉक्टर अँड गॅम्बलचं उदाहरण नक्की ऐकलं असणार. २००० साली ए. जी. लॅफ्ली तिथे प्रमुख झाले आणि निम्मी नवी उत्पादनं बाहेरच्या कल्पनांच्या आधारे काढायची, असं त्यांनी ठरवलं. कंपनीला आपल्या बटाट्याच्या चिप्सवर चित्रं आणि कोडी छापायची होती. त्यांच्या माणसांना इटलीत बोलोन्याला एका प्राध्यापकाची लहानशी बेकरी सापडली. तिथे केक-बिस्किटांवर खाण्याच्या शाईने छपाई करायची पद्धत तयारच होती. ती घेऊन २००४ मध्ये माल बाजारात आला. कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहिलं की बाहेरून आलेला काही ना काही भाग असलेल्या नव्या उत्पादनांचं प्रमाण २००० साली १५ टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३५ टक्क्यांच्या वर गेलं. आकडे कंपनीचेच आहेत, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

परिषदेत एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. त्या कंपनीकडे तेव्हा सुमारे ७,५०० संशोधक होते आणि बाहेरचं ज्ञान घेताना त्यांना कमी करायचं हे धोरणच नव्हतं. बेकरीतली पद्धत चिप्सच्या कारखान्याच्या वेगाला चालवायला हेच लोक लागले.

तुमच्या आकाराच्या कारखान्याला मी दुसरा अभ्यास दाखवीन. केल्ड लाउर्सन आणि अमॉन सॉल्टर यांनी ब्रिटनमधल्या २,७०७ उत्पादक कंपन्यांची माहिती तपासली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरवठादार, गिऱ्हाईक, विद्यापीठ, स्पर्धक, प्रदर्शनं, व्यापारी संघटना असे ज्ञानाचे १६ स्रोत त्यांनी मोजले आणि कंपनीच्या विक्रीत नव्या उत्पादनांचा वाटा किती, हे पाहिलं. बाहेर जास्त ठिकाणी शोधणाऱ्या कंपन्यांची कामगिरी आधी सुधारत जाते. ११ स्रोतांच्या आसपास ती टोकाला पोचते आणि पुढे घसरते. एखाद्या स्रोताशी घट्ट, रोजच्यासारखा संबंध ठेवायचा म्हटलं तर ही मर्यादा आणखी लवकर, ३ स्रोतांपाशीच येते. जगात आधी नसलेलं उत्पादन काढायचं असेल, तर पुष्कळ ठिकाणी वरवर शोधण्यापेक्षा थोड्या ठिकाणचे खोल संबंध जास्त कामी येतात, असंही त्यात दिसलं.

घसरण का होते, हे तुमच्या कारखान्यात उभं राहिलं तर कळेल. प्रत्येक नव्या संबंधाला कुणाचा तरी वेळ लागतो. विद्यार्थ्यांचा फोन, नोझलवाल्याचे नमुने, विद्यापीठाचा अहवाल, डीलरची तक्रार हे सगळं शेवटी काकांच्या टेबलावर येतं. त्यांच्याबरोबर ड्रॉइंग काढणारी दोन-चार मुलं असतील. इतक्या माणसांना पन्नास कल्पनांकडे नीट बघता येत नाही, मग एकीकडेही बघणं होत नाही.

१९९० मध्ये वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल यांनी या विषयातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. बाहेरच्या ज्ञानाची किंमत ओळखणं, ते पचवणं आणि त्यातून विकण्याजोगं काही करणं, ही ताकद कंपनीने आधी स्वतः केलेल्या कामातून येते. बेल्जियममधल्या उत्पादक कंपन्यांवरच्या २००६ च्या अभ्यासातही हेच दिसलं: स्वतःचं संशोधन आणि बाहेरून घेतलेलं ज्ञान एकमेकांची जागा घेत नाहीत, एकमेकांना बळ देतात. दूध कितीही आणलं तरी घरात विरजण नसेल तर दही लागत नाही, तसंच हे आहे.

तुमच्या धंद्याजवळचं एक उदाहरण देते. शेतात गोल फिरत पाणी देणारी ती लांबलचक चाकांवरची यंत्रं तुम्ही चित्रात पाहिली असतील. ती फ्रँक झायबाक या अमेरिकन शेतकऱ्याने शोधली. त्याला १९५२ मध्ये पेटंट मिळालं, आणि १९५४ मध्ये त्याने ते बनवायचे हक्क नेब्रास्कातल्या एका लहान कारखान्याला दिले. रॉबर्ट डॉहर्टी यांचा तो कारखाना आज व्हालमाँट या नावाने जगभर ओळखला जातो. लोक ही गोष्ट इथेच संपवतात. खरी गोष्ट पुढच्या दहा वर्षांची आहे. मूळ यंत्र नाजूक होतं. कारखान्याच्या माणसांनी ते मजबूत केलं, पिकावरून जाईल इतकं उंच केलं आणि पाण्याच्या दाबाऐवजी विजेवर चालवलं. कल्पना शेतकऱ्याची होती आणि तिचा धंदा झाला तो कारखान्याच्या आतल्या चिकाटीमुळे. ही गोष्ट काकांना सांगा. त्यांची जागा त्यात कुठे आहे, हे त्यांना लगेच समजेल.

आता हॅकेथॉनकडे येऊ. मुलांचा दोष नाही, आणि तुमची धडपडही चुकीची नव्हती. 'स्मार्ट शेती' हा विषय मात्र प्रश्न होऊ शकत नाही. त्यावर ड्रोन येणार, मोबाइल ॲप येणार, आणि तुमचा कारखाना पंखा, पंप, टाकी आणि नोझल बनवतो. आलेलं काही घ्यायचं म्हटलं तरी ते जोडायचं कुठे? नेटफ्लिक्ससारख्या कंपनीलाही हा अनुभव आला. सिनेमे सुचवण्याची पद्धत सुधारणाऱ्याला त्यांनी २००९ मध्ये १० लाख डॉलरचं बक्षीस दिलं. अंतिम विजेती पद्धत पूर्णपणे कधी वापरात आली नाही. अचूकता वाढत होती, पण ती प्रत्यक्ष यंत्रणेत बसवायला लागणाऱ्या कामाच्या मानाने ती वाढ पुरेशी नव्हती, असं त्यांच्याच अभियंत्यांनी पुढे लिहिलं.

याउलट प्रश्न नेमका असेल तर अनोळखी माणूसही उपयोगी पडतो. एली लिली या औषध कंपनीने २००१ मध्ये इनोसेंटिव्ह नावाचा मंच सुरू केला. कंपन्यांनी तिथे आपल्या प्रयोगशाळांतले अडलेले प्रश्न मांडायचे आणि जगात कुणीही उत्तर द्यायचं. त्यातल्या १६६ प्रश्नांचा अभ्यास झाला. मोठमोठ्या प्रयोगशाळांना न सुटलेले सुमारे ३० टक्के प्रश्न सुटले, आणि प्रश्नाच्या क्षेत्रापासून दूर काम करणाऱ्यांना यश मिळण्याची शक्यता जास्त दिसली. पण तिथले प्रश्न फार काळजीने लिहिलेले असत: काय हवं, किती हवं, कशाने तपासणार.

तुमचा प्रश्न काय असू शकतो? द्राक्षवाल्यांना तो माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी एक मासला देते. फळछाटणीनंतर ऑक्टोबरात पाऊस लागला की डावणी या रोगाची भीती सुरू होते. डावणीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून शिरते. म्हणजे औषध पानाखाली पोचायला हवं. नेमकं तेव्हा काळ्या जमिनीत ट्रॅक्टर रुततो आणि भरलेल्या टाकीचं वजन त्यात भर घालतं. मग प्रश्न असा लिहा: टाकीतलं पाणी आजच्या निम्मं ठेवून, मांडवाच्या आणि वाय आकाराच्या आधारावर वेल चढवलेल्या बागेत, पानाच्या खालच्या बाजूला आजच्याइतकेच थेंब बसले पाहिजेत, पंख्याला लागणारी ताकद लहान ट्रॅक्टरच्या पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) झेपली पाहिजे. तपासणीही स्वस्तात होते. थेंब पडला की निळा होणारा पिवळा कागद पानांच्या खालच्या बाजूला लावायचा, फवारायचं आणि डाग मोजायचे. असा प्रश्न वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांपुढे ठेवला, तर ते पहिल्या भेटीतच सांगतील की यातला कोणता भाग ते करू शकतात.

पण माझं मत विचाराल तर तुमचा पहिला दरवाजा कॉलेजकडे नको. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज या भागांत तुमचे ब्लोअर वापरणारे असे बागायतदार असतील की ज्यांनी यंत्र घरी नेल्यावर स्वतःच बदललं. कुणी नोझलचा कोन फिरवला असेल, कुणी पंख्यापुढे पत्रा वळवून लावला असेल, कुणी टाकीची जागा बदलून वजन मागच्या चाकांवर सारखं केलं असेल. तुमची वॉरंटी त्याला 'छेडछाड' म्हणते. मी त्याला तुमचं फुकट चाललेलं संशोधन म्हणीन, आणि ते तुमच्या मुख्य स्पर्धकाच्या नजरेस पडण्याआधी तुम्ही बघायला हवं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले एरिक फॉन हिपेल यांनी चाळीसहून अधिक वर्षं हाच विषय लावून धरला: गरज सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने ज्यांना जाणवते, ते वापरणारे लोक कारखान्याच्या आधी उपाय शोधतात. थ्रीएम कंपनीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा आघाडीच्या वापरकर्त्यांबरोबर तयार केलेल्या कल्पनांची पाचव्या वर्षाची अंदाजित विक्री नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या कल्पनांच्या ८ पट होती. तो अंदाज होता, झालेली विक्री नव्हे. तरीही फरक एवढा मोठा आहे की दुर्लक्ष करू नये.

असे लोक शोधायला पोर्टल लागत नाही. तुमच्या सर्व्हिसच्या मुलांना विचारा, कुणाच्या बागेतलं मशीन ओळखू येत नाही इतकं बदललंय. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या कार्यक्रमांत भेटणाऱ्या लोकांना विचारा. त्यांतले पाच-सहा निवडा आणि काकांना घेऊन जा. काकांनी जाणं महत्त्वाचं आहे. तुम्ही एकट्या जाऊन यादी आणून त्यांच्यापुढे ठेवलीत, तर ती दुसरी हॅकेथॉन होईल.

आतल्या लोकांना बाहेरचं नकोसं वाटणं ही जगभरची गोष्ट आहे. राल्फ कॅट्झ आणि थॉमस ॲलन यांनी १९८२ मध्ये संशोधन करणाऱ्या ५० गटांचा अभ्यास मांडला. तेच लोक सरासरी पाचेक वर्षांहून जास्त काळ एकत्र राहिले की बाहेरच्यांशी त्यांचं बोलणं कमी होतं आणि कामगिरीही उतरते, असं त्यांना दिसलं. यात हट्टीपणापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. आणि काकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. त्यांच्या यंत्रात काय कमी आहे हे विशीतल्या मुलांना मंचावर विचारलं गेलं, आणि काकांना प्रेक्षकांत बसवलं गेलं. मला तरी त्यांचं दुखणं समजतं. त्यांना सरळ जाऊन सांगा, "काका, प्रश्न तुम्ही लिहायचा, बाहेरचं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि नव्या मॉडेलवर पहिलं नाव तुमचं असेल." पोर्टलची फी वाचेल, त्यातून त्यांच्या हाताखाली एक तरुण डिझाइन इंजिनिअर द्या आणि फक्त ट्रायलसाठी एक मशीन बाजूला काढा. तुमच्या कंपनीच्या ओपन इनोव्हेशनवरचा हा पहिला खर्च.

बाबांच्या भीतीला उत्तर द्यायचं तर ती भीती खरी आहे, हे आधी मान्य करा. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच ही अडचण सांगितली होती: माहिती दाखवल्याशिवाय घेणाऱ्याला तिची किंमत कळत नाही, आणि दाखवली की त्याला ती फुकटच मिळाली. त्यावर इलाज म्हणजे काय दाखवायचं आणि कधी दाखवायचं, हे आधी ठरवणं. प्रश्न सगळ्यांना सांगा, ड्रॉइंग कुणालाच देऊ नका. बागायतदाराला पंख्याच्या पात्याचा कोन कळायची गरज नाही, कॉलेजला तुमच्या पंपाच्या डायफ्रामचं मटेरिअल कळायची गरज नाही. कास्टिंगवाल्याकडे जाणारा पॅटर्न तुमच्या मालकीचा आहे आणि तो परत करायचा आहे, हे ऑर्डरवरच लिहा.

काही नवं निघालं तर प्रदर्शनात मांडण्याआधी, डीलरला व्हिडिओ पाठवण्याआधी अर्ज करा. आपल्या कायद्यात तात्पुरत्या तपशिलासह पेटंटचा अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. तेवढ्या काळात एक अख्खा हंगाम ट्रायल घेता येते. बाहेरून दिसणारा आकार वेगळा असेल तर डिझाइनची नोंदणीही होते. ती १० वर्षं टिकते आणि पुढे ५ वर्षं वाढवता येते. लहान उद्योगांना पेटंटच्या फीत सवलत आहे. चांगला पेटंट एजंट गाठा, हे काम अर्धवट माहितीवर करू नका.

बाबांना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उदाहरण सांगता येईल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक असताना, या प्रयोगशाळेने पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकचं तंत्रज्ञान अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकला दिलं. हातात पेटंट होतं म्हणून एवढ्या मोठ्या कंपनीसमोर बसून व्यवहार करता आला. मात्र कुलूप लावण्याचाही अतिरेक होतो. लाउर्सन आणि सॉल्टर यांनीच २०१४ मध्ये दाखवलं की संरक्षणावरचा भर एका मर्यादेपर्यंत सहकार्याला मदत करतो, त्यापुढे तो सहकार्यच आखडवतो. पहिल्या भेटीत बागायतदारापुढे आठ पानी गुप्तता करार ठेवलात तर तो चहा पाजून तुम्हाला वाटेला लावेल.

मोजमापाचं थोडक्यात सांगते. किती कल्पना आल्या हा आकडा विसरून जा. एकूण विक्रीत गेल्या तीन वर्षांत आणलेल्या मॉडेलचा वाटा किती, हा आकडा दरवर्षी ३१ मार्चला काढा. आज तो जवळजवळ शून्य असेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एक मॉडेल उभं राहायला दोन-तीन छाटण्या जाणारच.

तेव्हा पोर्टलवाल्या सल्लागारांना सांगा की सध्या नको. येत्या फळछाटणीच्या आधी प्रश्न काकांच्या हस्ताक्षरात कागदावर आलेला असू द्या. बागायतदार हा एक घट्ट संबंध, नोझलचा एखादा चांगला पुरवठादार हा दुसरा आणि कॉलेज किंवा मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हा तिसरा. चौथा यंदा नको.

एक गोष्ट ट्रायलच्या आधी लिहून ठेवा: बागायतदाराच्या सूचनेतून मॉडेल निघालं तर त्याला काय मिळणार. खेळण्यातले ठोकळे बनवणारी लेगो कंपनी चाहत्याने सुचवलेल्या रचनेचा संच बाजारात आणते, तेव्हा त्याला निव्वळ विक्रीच्या १ टक्का देते. तुमच्या धंद्यात टक्का बसेल, की ठरावीक रक्कम, की नव्या मॉडेलचं पहिलं मशीन, हे बाबांना विचारा. बागायतदाराला काय दिलं तर तो खूश होईल आणि किती दिलं तर कारखान्याला परवडेल, याचा अंदाज तुमच्या घरात त्यांच्याइतका कुणाला नसणार. त्यांनी एकदा आकडा सांगितला की ते या कामात तुमच्याबरोबर आले, असं समजा.